मिस्ड कॉलच्या मागचा कोड: फोनमधला दुसरा कॉम्प्युटर कुणी उघडला?

२७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुडा इथे बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी स्टॅकचं उद्घाटन झालं आणि ‘स्टॅक’ हा शब्द मराठी बातम्यांत शिरला. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने त्याचा गाभा तयार केला, तेजस नेटवर्क्सने टॉवरवरची रेडिओ यंत्रणा दिली, टीसीएसने सगळं जुळवून आणलं, एवढं बातम्यांतून कळलं. पण स्टॅक म्हणजे नेमकं काय, हे वाचकाला ठाऊकच असेल असं बहुतेकांनी धरून टाकलं होतं.

शिवाय हा स्टॅक टॉवरच्या बाजूचा. संभाषणाचं दुसरं टोक तुमच्या खिशात असतं आणि तिथेही तसाच एक स्टॅक, म्हणजे टॉवरशी बोलणारं, थरांत रचलेलं सॉफ्टवेअर, रात्रंदिवस चालू असतो. तो कुणी लिहिला, त्यात काय आहे, हे फोनच्या मालकाला माहीत नसतं. विकणाऱ्याला नसतंच, आणि फोनवर ज्या कंपनीचं नाव छापलेलं असतं तिलाही बऱ्याचदा पुरतं माहीत नसतं. २०१० साली युरोपातल्या मूठभर प्रोग्रामरांनी ठरवलं, की हा कोड आपण स्वतः लिहायचा आणि सगळ्यांना वाचायला ठेवायचा. त्या प्रकल्पाचं नाव ऑस्मोकॉम-बीबी. मोबाइल समजून घ्यायचा असेल तर त्याच्यासारखा दुसरा शिक्षक मला सापडलेला नाही.

फोनमध्ये दोन कॉम्प्युटर

आपण ज्याला फोन म्हणतो त्यात दोन वेगळे कॉम्प्युटर असतात. एकावर अँड्रॉइड किंवा आयओएस चालतं. व्हॉट्सॲप, कॅमेरा, गूगल पे, सगळं तिथे. दुसऱ्याचं काम एकच: टॉवरशी बोलणं. या दुसऱ्या कॉम्प्युटरला बेसबँड म्हणतात. त्याचा प्रोसेसर वेगळा, त्याच्यात चालणारं सॉफ्टवेअरही वेगळं. जुन्या बटणांच्या फोनमध्ये एकाच चिपवर सगळं चालायचं, पण टॉवरशी बोलणारा कोड तिथेही होताच.

ॲपला तुम्ही माइकची परवानगी नाकारू शकता. बेसबँडला परवानगी विचारायची सोयच नाही. हवेतून आलेला प्रत्येक संदेश आधी त्याच्या हातात पडतो. हे बेसबँड बनवणाऱ्या कंपन्या जगात बोटांवर मोजण्याइतक्या आहेत: क्वालकॉम, मीडियाटेक, सॅमसंग, युनिसॉक आणि आणखी एकदोन.

एका मिस्ड कॉलची गोष्ट

भारतात ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला तेव्हाचे केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला. पुढची काही वर्षं येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. त्या काळात आपण मिस्ड कॉलची एक भाषाच बनवली: एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. फुकटात काम व्हायचं. पण त्या एका रिंगमागे २जीत, म्हणजे जीएसएम नावाच्या पद्धतीत, काय घडतं ते पाहू.

तुमचा फोन नेमका कुठल्या टॉवरखाली आहे, हे नेटवर्कला माहीत नसतं. फक्त ढोबळ परिसर माहीत असतो. त्यामुळे कॉल आला की त्या परिसरातले सगळे टॉवर पुकारा करतात. एसटी स्टँडवर ‘अमुक प्रवासी असतील तिथून चौकशी खिडकीपाशी यावेत’ अशी घोषणा होते, तसाच. याला पेजिंग म्हणतात. स्टँडवरचे सगळे ती घोषणा ऐकतात, पण ज्याचं नाव आहे तोच उठतो. तुमचा फोन एरवी डुलक्या घेत असतो आणि ठरलेल्या क्षणी जागा होऊन आपलं नाव आलं का एवढं ऐकतो. हे नाव म्हणजे शक्यतो तुमचा नंबर किंवा सिमचा खरा क्रमांक नसतो. नेटवर्कने दिलेलं तात्पुरतं टोपणनाव असतं.

नाव ऐकल्यावर फोन एक छोटीशी हाक देतो: मला बोलायला जागा द्या. टॉवर जागा देतो. फोन सांगतो, तुम्ही पुकारलंत तो मीच. नेटवर्क लगेच विश्वास ठेवत नाही. ते १२८ बिटांची एक यादृच्छिक संख्या पाठवतं. सिममध्ये एक गुप्त किल्ली असते आणि तिची जोड कंपनीकडे असते. सिम त्या किल्लीने गणित करून उत्तर काढतं आणि फक्त उत्तर पाठवतं. किल्ली सिमबाहेर कधीच येत नाही. उत्तर जुळलं की नेटवर्क कूटलेखन, म्हणजे संदेशाला कुलूप लावणं, सुरू करायला सांगतं. मग ‘तुला कॉल आहे, अमुक नंबरवरून’ असा निरोप येतो, फोन ‘वाजतोय’ म्हणून कळवतो आणि तुमच्या कानावर रिंग पडते.

तेवढ्यात पलीकडच्याने फोन ठेवला. मिस्ड कॉल. एवढी सगळी देवाणघेवाण काही सेकंदांत उरकलेली असते.

थरावर थर

वर सांगितलेलं सगळं एकाच सलग प्रोग्राममध्ये लिहिलं तर गोंधळ होईल, म्हणून कामं थरांत वाटलेली असतात. या थरांच्या रचनेलाच स्टॅक म्हणतात.

लग्नाची पत्रिका पाठवायची आहे असं समजा. कुणाला बोलवायचं, आधी कुणाला, काय मजकूर, हे घरातली थोरली माणसं ठरवतात. हा तिसरा थर. पेजिंगला उत्तर देणं, ओळख पटवणं, कॉल जोडणं आणि तोडणं हे निर्णय इथले. पत्रिका पाकिटात घालून पाठवणारा आणि ‘पोचली का?’ म्हणून फोन करणारा पुतण्या असतो. पोच आली नाही तर तो पुन्हा पाठवतो. मजकुराशी त्याला देणंघेणं नसतं. हा दुसरा थर. आणि प्रत्यक्ष रस्त्यावरून पाकीट नेणारी एसटी, तिचं वेळापत्रक, घाटातली वळणं, हा पहिला थर. इथे रेडिओ लहरी आहेत आणि घड्याळ आहे.

थोरल्यांना एसटीचं वेळापत्रक माहीत नसलं तरी चालतं. ड्रायव्हरला लग्न कुणाचं हे ठाऊक नसलं तरी चालतं. थरांचा फायदा हाच, आणि ऑस्मोकॉम-बीबीने तो फार हुशारीने वापरला. ते पुढे येईलच.

सगळ्यात अवघड थर तळाचा

दहीहंडीत टाळ्या वरच्या पोराला मिळतात, पण कस लागतो तळाच्या थराचा. इथेही तसंच आहे.

जीएसएमने एक युक्ती केली. २०० किलोहर्ट्‌झ रुंदीच्या एका पट्ट्यावर आठ फोन पाळीपाळीने बोलतात. चाळीतल्या एका नळावर आठ बिऱ्हाडं ठरलेल्या वेळी पाणी भरतात तसे. फरक इतकाच, की इथे प्रत्येकाची पाळी ५७७ मायक्रोसेकंदांची असते, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. आठ पाळ्यांचं एक आवर्तन ४.६१५ मिलिसेकंदांत पुरं होतं आणि पुन्हा पहिल्याची पाळी येते. बोलताना तुटकपणा जाणवत नाही, कारण दर २० मिलिसेकंदांचा आवाज दाबून, तुकडे करून या पाळ्यांमध्ये बसवलेला असतो.

आता अडचण बघा. एक फोन टॉवरपासून अर्धा किलोमीटरवर आहे, दुसरा ३० किलोमीटरवर. रेडिओ लहर प्रकाशाच्या वेगाने जाते, तरी ३० किलोमीटरला तिला १०० मायक्रोसेकंद लागतात. लांबच्याने नेमक्या वेळी बोलायला सुरुवात केली, तर त्याचं बोलणं उशिरा पोचून शेजाऱ्याच्या पाळीत घुसेल. मुहूर्त एकच असला तरी लांबच्या गावचं वऱ्हाड लवकर निघतं. टॉवर प्रत्येक फोनला सांगतो, तू किती आधी निघ. या सूचनेला ० ते ६३ अशा ६४ पायऱ्या आहेत आणि एक पायरी साधारण ५५० मीटरची. गुणाकार केला की ३५ किलोमीटर येतात. डोंगरमाथ्यावरून लांबच्या टॉवरची रेंज दिसते आणि तरी फोन लागत नाही, यामागे कधी कधी हाच हिशेब असतो.

घड्याळाइतकाच सूरही जुळावा लागतो. फोनची वारंवारता टॉवरच्या वारंवारतेपासून एक कोटीत एक भागापेक्षा जास्त ढळता कामा नये, असा नियम आहे. ९०० मेगाहर्ट्‌झवर याचा अर्थ सेकंदाला ९० कोटी कंपनांमागे जेमतेम ९० कंपनांची चूक माफ. फोनमधला स्वस्त स्फटिक एकटा एवढा अचूक नसतो. म्हणून फोन टॉवरचा सूर ऐकून आपला सूर सतत लावत राहतो, मैफलीत तंबोऱ्यावर कान ठेवून गाणाऱ्यासारखा.

नियम जाहीर, मग कोड बंद का?

इथे बरेचजण चकतात. जीएसएमचे नियम काही गुपित नाहीत. युरोपातल्या एत्सी या मानक संस्थेने ते प्रसिद्ध केले आहेत आणि आजही कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. हजारो पानं. ज्याला वेळ आहे त्याने वाचावीत.

अडतं चिपपाशी. कुठल्या पत्त्यावर कोणता आकडा लिहिला की रेडिओ चालू होतो, हे चिप बनवणारी कंपनी फक्त गुप्ततेच्या करारावर सांगते. करार मोठ्या ग्राहकाशी होतो, कॉलेजच्या विद्यार्थ्याशी होत नाही. त्यात पेटंटचं जाळं आणि महागड्या चाचण्या. परिणाम असा, की टॉवरच्या बाजूचं खुलं सॉफ्टवेअर आधी आलं (ओपनबीएससी आणि ओपनबीटीएस दोन्ही २००८ च्या सुमाराचे) आणि फोनची बाजू तशीच बंद राहिली. वेब, ईमेल, सर्व्हर, सगळीकडे खुले पर्याय उभे राहिले होते. अब्जावधी लोकांच्या खिशातल्या यंत्राचा मात्र एकही खुला नमुना नव्हता. मला हे फार मोठं उणेपण वाटतं.

जुन्या मोटोरोलाचं भाग्य

हॅराल्ड वेल्टे, डीटर स्पार, सिल्व्हां म्युनो आणि त्यांच्या साथीदारांनी निवडली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची कॅलिप्सो नावाची चिप. ती नवी नव्हती. उलट जुनी होती, म्हणूनच सोयीची. तिची बरीच कागदपत्रं आणि ती चिप वापरणाऱ्या एका फोनचा मूळ कोड आधीच इंटरनेटवर फिरत होता, त्यामुळे आतली रचना समजून घेता आली. शिवाय ही चिप मोटोरोलाच्या सी११५, सी११८, सी१२३ अशा अगदी स्वस्त फोनमध्ये होती. यातला सी११५ आपल्याकडेही विकला गेला. कुणाच्या तरी कपाटात अजून असेल.

त्या फोनमध्ये आणखी एक सोय निघाली. हेडफोनच्या भोकात एक सीरियल केबल घालायची, कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम चालू ठेवायचा आणि फोनचं पॉवर बटण हलकेच दाबायचं. फोन सुरू होताना केबलवरून आलेला कोड आपल्या स्मृतीत घेतो आणि तोच चालवू लागतो. मूळ सॉफ्टवेअरला धक्का लागत नाही. बॅटरी काढून परत घातली की फोन पूर्वीसारखा. चुका करत शिकणाऱ्याला याहून चांगलं काय हवं?

आता ती थरांची हुशारी. सगळे थर फोनवर बसवायचा अट्टहास त्यांनी केला नाही. मायक्रोसेकंदांचा हिशेब सांभाळणारा पहिला थर तेवढा फोनवर ठेवला. दुसरा आणि तिसरा थर केबलच्या दुसऱ्या टोकाला, साध्या लिनक्स कॉम्प्युटरवर. लॅपटॉपवर कोड बदलून लगेच चालवून पाहता येतो, चूक झाली तर कुठे झाली ते दिसतं. फेब्रुवारी २०१० मध्ये प्रकल्प जाहीर झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत या कोडवरून खरा कॉल लागला. कोड जीपीएल परवान्याखाली आहे. म्हणजे वापरा, बदला, वाटा. पण बदललेला कोड वाटलात तर तोही खुला ठेवा.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. हा फोन शंभर टक्के खुला नाही. कॅलिप्सोमध्ये सिग्नलवरची जड आकडेमोड करणारा एक वेगळा प्रोसेसर आहे. त्याचा कोड कारखान्यातच चिपमध्ये कोरलेला असतो आणि ऑस्मोकॉम-बीबी तो आहे तसा वापरतं.

हे माकडाच्या हाती कोलीत नाही का?

हा आक्षेप मला खरोखरच रास्त वाटतो, म्हणून थोडं थांबून बोलतो.

डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनमध्ये कार्स्टन नोल आणि सिल्व्हां म्युनो यांनी जाहीर प्रात्यक्षिक केलं. असेच स्वस्त मोटोरोला फोन, ऑस्मोकॉम-बीबीचा कोड आणि आधीच गणित करून ठेवलेले सुमारे २ टेराबाइटचे तक्ते. एवढ्यावर त्यांनी जीएसएमचं ए५/१ नावाचं कुलूप उघडून दाखवलं. ऑगस्ट २०१३ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याहून साधी गोष्ट दाखवली. एसटी स्टँडवरची ती घोषणा आठवा. समजा, दुसराच कुणी उठून खऱ्या प्रवाशाआधी खिडकीशी पोचला तर? नेटवर्क पहिल्या उत्तराशी बोलू लागतं आणि खऱ्या फोनला कॉल पोचतच नाही. जिथे ओळख पटवणं किंवा कुलूप ढिलं असेल तिथे एसएमएससुद्धा भलत्याच्याच हातात जातो. असे अकरा फोन मिळून एका अख्ख्या परिसराची सेवा रोखू शकतात, असा त्यांचा हिशेब होता.

तर, धोका वाढला का? माझं मत स्पष्ट आहे: भोक आधीपासून होतं. जीएसएममध्ये फोनने स्वतःची ओळख पटवायची, टॉवरने नाही, अशी मूळ रचना आहे. बँकेत गेल्यावर तुमचं आधार कार्ड तपासतात, पण ही बँक खरी की भाड्याच्या गाळ्यात कुणी फलक लावून बसलाय, हे तुम्ही कधीच विचारायचं नाही, असं काहीसं. खोटा टॉवर उभा करणारी यंत्रं ऑस्मोकॉम-बीबीच्या कितीतरी आधीपासून विकली जात होती. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना ती मिळत होती. नव्हती ती सामान्य संशोधकाला. त्याला फोनच्या आत डोकावताच येत नव्हतं, त्यामुळे ‘आमची यंत्रणा सुरक्षित आहे’ हे वाक्य खोडून काढायला हातात काही नव्हतं.

शिवाय त्याच कोडवर खोटा टॉवर ओळखणारं साधनही तयार झालं. फोनला टॉवरकडून आलेले सगळे संदेश दिसले, तरच ‘हा टॉवर अचानक कुलूप काढायला का सांगतोय?’ असा संशय घेता येतो. बंद फोनमध्ये हे संदेश मालकाला दिसतच नाहीत.

कायदा काय म्हणतो?

जे कायद्याने करायचं नाही ते खुल्या कोडमुळे करण्याजोगं होत नाही. मोबाइल कंपन्यांच्या वारंवारतांवर परवानगीशिवाय काही प्रक्षेपित करणं किंवा दुसऱ्याचं संभाषण पकडणं हा भारतात गुन्हा आहे. आता दूरसंचार अधिनियम २०२३ लागू होतोय. प्रकल्पातल्या लोकांनाही याची जाण होती. मूळ कोड घेऊन तसाच बनवला तर फोन फक्त ऐकतो, बोलत नाही. प्रक्षेपण चालू करायचं तर सेटिंगमधली एक ओळ जाणीवपूर्वक बदलावी लागते. ती बदलण्याआधी प्रयोगासाठीची सरकारी परवानगी आणि रेडिओ लहरी बाहेर जाऊ न देणारी पेटी, दोन्ही हवीत.

२जी तर संपत चाललंय ना?

अमेरिकेत एटी अँड टीने २०१७ च्या सुरुवातीलाच २जी बंद केलं. जिओकडे ते कधी नव्हतंच. पण एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलचं २जी चालू आहे आणि गावोगावचे बटणांचे फोन त्यावर आहेत. कार्ड स्वाइप करायची जुनी मशिनं, गाड्यांचे ट्रॅकर अशी कितीतरी यंत्रंही त्यावरच बोलतात.

नवा स्मार्टफोन असला तरी त्यात २जी जिवंत असतं. ३जीपासून टॉवरलाही ओळख पटवावी लागते, म्हणून भामटे फोनला आधी २जीवर खाली ओढतात आणि मग थेट खोटे एसएमएस सोडतात. असे संदेश मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतून जातच नाहीत, त्यामुळे कंपनीची गाळणी तिथे निरुपयोगी ठरते. जून २०२४ मध्ये लंडन पोलिसांनी अशा घरगुती अँटेनाच्या प्रकरणात अटक केल्याची बातमी आली होती. अँड्रॉइड १२ पासून अनेक फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये २जी बंद करायचं बटण असतं. तुमच्या भागात ४जीवरून नीट कॉल होत असतील तर ते बंद करून ठेवा. आणीबाणीचे कॉल तरीही लागतात. घरातल्या आजी-आजोबांच्या स्मार्टफोनवर आधी करा.

४जी आणि ५जीच्या फोनचा खुला स्टॅकही आहे. आयर्लंडमधल्या एका कंपनीचं एसआरएस-यूई आणि फ्रान्समधून सुरू झालेलं ओपन-एअर-इंटरफेस. पण ते खिशातल्या फोनवर चालत नाहीत. त्यांना कॉम्प्युटर आणि वेगळं रेडिओ यंत्र लागतं. खऱ्या, बाजारात विकल्या गेलेल्या फोनवर मिळवलेलं असं यश अजून मुख्यतः त्या जुन्या मोटोरोलाच्याच नावावर आहे. तुमच्या आजच्या फोनवर ऑस्मोकॉम-बीबी चालेल का, याचं उत्तर अर्थातच नाही.

टॉवरच्या बाजूला मात्र ऑस्मोकॉम या मूळ घराण्याचं (ऑस्मोकॉम-बीबी त्यातलंच) सॉफ्टवेअर रोजच्या वापरात आलंय. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतात तालेआ दे कास्त्रो या डोंगरातल्या गावाकडे मोठ्या कंपन्या फिरकत नव्हत्या. २०१३ साली रिझोमॅटिका संस्थेच्या मदतीने गावाने स्वतःचं मोबाइल नेटवर्क उभं केलं, आणि पुढे तिथल्या गावांच्या जाळ्याने ऑस्मोकॉमचा कोड वापरला.

लॅपटॉपवर आख्खं नेटवर्क

इलेक्ट्रॉनिक्स शिकणारे विद्यार्थी विचारतात, परवाना नाही, जुना मोटोरोला नाही, मग सुरुवात कुठून करायची? त्याचीही सोय आहे. ऑस्मोकॉमने हवेचाच एक नकली थर लिहिलाय. टॉवरचा प्रोग्राम आणि फोनचा प्रोग्राम एकाच लॅपटॉपवर चालतात आणि रेडिओऐवजी नेटवर्कच्या साध्या पाकिटांमधून एकमेकांशी बोलतात. अँटेना नाही, प्रक्षेपण नाही. वरचे थर मात्र तेच, खरे.

बाजूला वायरशार्क हा नेटवर्कवरचे संदेश दाखवणारा फुकट प्रोग्राम उघडून ठेवा आणि या नकली फोनला कॉल करा. पडद्यावर ओळी उमटतात: पेजिंगचा पुकारा, जागेची मागणी, १२८ बिटांचा प्रश्न, सिमचं उत्तर, कॉलचा निरोप. मग कॉल उचलायच्या आधीच तोडा, आणि शेवटची ओळ कोणती येते ते बघा.